सी.बी.आर. १०.२ आणि इतर प्रश्न

परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवस आले की या सदराकडची पत्रं एकदम वाढतात. या खेपेला जवळजवळ सगळी रसायनशास्त्राची निघाली. बहुतेक विद्यार्थ्यांची, एक आईचं, एक शिक्षकाचं. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : दहावीपर्यंत मराठी माध्यम. अकरावी-बारावी पाठांतरावर निभावली. आता एफ.वाय.ला ऑरगॅनिक सुरू झालंय आणि वर्गात काय चाललंय तेच कळत नाही. इंग्रजी सुधारेपर्यंत वर्ष संपेल. विषय बदलू का?
– संगमेश्वर तालुक्यातली विद्यार्थिनी

उत्तर : बदलायचा असेल तर बदल, पण इंग्रजीपायी नको. रसायनशास्त्राच्या पुस्तकातलं इंग्रजी फार मोजकं असतं. तीच क्रियापदं, तीच वाक्यं फिरून फिरून येतात, आणि दिवाळीपर्यंत ती अंगवळणी पडतात. तुझी अडचण बहुधा वेगळी आहे. ऑरगॅनिकमधली प्रत्येक अभिक्रिया सुटी पाठ करायला बसलं की महिनाभरात डोकं भरतं, कारण अभिक्रिया शेकड्यांनी आहेत. त्यामागच्या चाली मात्र थोड्या. इलेक्ट्रॉन कुठे जास्त, कुठे कमी, आणि त्यांची चाल दाखवणारा वाकडा बाण कुठून निघून कुठे टेकतो, एवढंच धरून वाच.

मिथाइल ब्रोमाइड घे. त्यावर हायड्रॉक्साइड येतो तो ब्रोमिनच्या बरोबर विरुद्ध बाजूने, आणि तो जोडला जात असतानाच ब्रोमाइड बाहेर पडतो. टर्शरी ब्यूटाइल ब्रोमाइडकडे असं मागून शिरता येत नाही. मधल्या कार्बनभोवती तीन मिथाइल गटांची गर्दी आहे. तिथे नुसत्या पाण्यातसुद्धा ब्रोमाइड आधी निघून जातो, धनभारित कार्बन उरतो आणि मग पाणी येऊन जोडलं जातं. तो भार क्षणभर तरी तगतो कशामुळे? त्याच तीन मिथाइल गटांमुळे. ज्यांनी एक वाट अडवली त्यांनीच दुसरी उघडली. हे एवढं रात्री रूमवरच्या मैत्रिणीला तुमच्या घरच्या बोलीत सांगून बघ. सांगताना जिथे अडखळशील तिथे कळलेलं नाही, ते पान पुन्हा काढ. बोलीत सांगता आलं की मगच इंग्रजीत लिहायला बस.

आणखी एक, लॉगचं गणित पक्कं कर. पीएच ३ आणि पीएच ५ यांत हायड्रोजन आयनांचा फरक दुप्पट नव्हे, शंभरपट असतो, हे टी.वाय.पर्यंत पोचलेल्यांनाही चटकन सांगता येत नाही. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट मिळतात, चांगली आहेत, पण पहिल्या सत्रात त्यांच्या मागे लागू नकोस. आधी वर्गातल्या बाईंना गाठ. प्रश्न विचारणाऱ्या मुली शिक्षकांना आवडतात, तोंडावर तसं दाखवत नसले तरी.

प्रश्न : मालवणकडच्या एका कॉलेजात सी.एच.बी.वर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवतो. प्रयोगशाळेत उपकरणं जेमतेम. मुलं प्रॅक्टिकल कसंबसं उरकतात आणि जर्नल वरच्या वर्गाकडून आणून उतरवतात. यांना पुढे कोण नोकरी देणार, अशी काळजी वाटते. काय करावं?
– एक तरुण सहकारी

उत्तर : सर, तुमच्या पत्रातली उपकरणांची ओळ मी जरा बाजूला ठेवतो. जर्नलची ओळ खरी काळजीची.

वीस मुलांच्या वर्गात एकच टायट्रेशन, आणि सगळ्यांचा सी.बी.आर., म्हणजे ब्युरेटचं स्थिर रीडिंग, १०.२. तिन्ही रीडिंगं १०.२, १०.२, १०.२. ५० मिलीच्या ब्युरेटवर ०.१ च्या खुणा असतात, डोळा मधला अर्धा भाग वाचू शकतो, म्हणजे १०.१५ आणि १०.२५ कुणाला तरी यायलाच हवेत. येत नाहीत, कारण ‘बरोबर’ उत्तर आधीच ठाऊक असतं आणि रीडिंग त्यावरून मागे काढलेलं असतं. यावर उपाय फुकटात होतो. प्रत्येक बाकाला वेगळ्या संहतीचं द्रावण द्या, खरी किंमत स्वतःच्या खिशात ठेवा. कच्चं रीडिंग पेनने, तारखेसह, तिथल्या तिथे लिहायचं. चुकलं तर एकच आडवी रेघ, बाजूला सही, खोडरबर आणि व्हाइटनर वर्गाबाहेर. औषध कंपन्यांच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या विभागात, नेमकी हीच शिस्त पाळावी लागते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, आपल्याकडच्या कित्येक औषध कंपन्यांना पाठवलेल्या इशारापत्रांत नोंदींचा खरेपणा हाच मुद्दा पुन्हा पुन्हा आलेला आहे. उशिरा आणि नीटनेटकं सजवलेलं जर्नल दहापैकी दहा घेतं, हे आपणच बंद करायला हवं.

आता सामानाचं. कोकणात राहून नमुने विकत आणावे लागत नाहीत. कोकमाचं आगळ घ्या. त्यात हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल असतं, सोडियम हायड्रॉक्साइडने एकूण आम्लता काढता येते. पण आगळाचा स्वतःचाच रंग आडवा येतो. तो रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा, आम्लात लाल आणि अल्कलीत तो लाल जाऊन निळसर-हिरवट छटा येते, तेव्हा फिनॉल्फ्थॅलिन या सूचकाचा गुलाबी दिसणार कसा? किती पातळ केलं की दिसेल, हे मुलांना शोधू द्या. त्याच आगळात मीठ भरपूर असतं. सिल्व्हर नायट्रेट आणि क्रोमेट घेऊन मोहरच्या पद्धतीने क्लोराइड काढायला सांगा, पण आधी आम्ल उदासीन करायला सांगू नका. शेवटचा विटकरी लाल रंग काही केल्या नीट येणार नाही, कारण आम्लात क्रोमेटचा डायक्रोमेट होतो. अर्धा तास डोकं खाजवू दे. मग पीएच साडेसहा ते नऊच्या दरम्यान आणून पुन्हा करायचं.

हीच पद्धत विहिरींना लावा. किनाऱ्यालगतच्या विहिरी चैत्र-वैशाखात मचूळ होतात हे मुलांच्या आज्यांनाही माहीत आहे. किती मचूळ, हे दर महिन्याला मोजून वर्षभराचा आलेख काढला तर तो खरा प्रोजेक्ट. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत. आकडा त्याच्याशी ताडून ग्रामपंचायतीला नेऊन दाखवता येतो. काजूच्या टरफलातलं तेलही आहे: त्यातलं अ‍ॅनाकार्डिक आम्ल तापवलं की कार्बन डायऑक्साइड सोडून कार्डेनॉल होतं, आणि त्याची रेझिनं ब्रेक लायनिंगपासून रंगांपर्यंत वापरली जातात. हातमोजे मात्र सक्तीचे, ते तेल कातडी भाजतं. सिल्व्हर नायट्रेट महाग पडतं अशी तक्रार येईल. तर सगळा सिल्व्हर क्लोराइडचा साका एका गडद बाटलीत जमवा आणि चांदी परत मिळवण्याचं प्रॅक्टिकल टी.वाय.ला द्या. क्रोमेट असलेलं पाणी मोरीत ओतू देऊ नका.

प्रश्न : आमचं मासेमारीचं घर, दाभोळ खाडीच्या काठाला. लोट्याच्या कंपन्यांच्या पाण्याने खाडीतली मासळी गेली असं आमचे लोक सांगतात. माझी मुलगी केमिस्ट्री घेऊन टी.वाय.ला आहे आणि लोट्यालाच नोकरी करीन म्हणते. तिचे वडील बोलायचे बंद झालेत. तिला थांबवू का?
– एक आई

उत्तर : ताई, तुमच्या यजमानांचा राग मला कळतो. लोटे-परशुरामचं सांडपाणी आणि खाडी हा वाद जुना आहे, आणि नोकरीच्या नादात तो विसरून जा असं मी कुणाला सांगणार नाही. पण मुलगी तिथे जाऊन नेमकं काय करू शकते ते ऐका, आणि जमलं तर त्यांनाही ऐकवा.

प्रत्येक रासायनिक कारखान्याला सांडपाण्याची तपासणी करावीच लागते. त्यातली मुख्य चाचणी सीओडीची. पाण्याचा नमुना पोटॅशियम डायक्रोमेट आणि गंधकाम्लाबरोबर दोन तास उकळवतात. पाण्यातली सेंद्रिय घाण जितकी जास्त, तितका डायक्रोमेट खर्च होतो, आणि उरलेला मोजून घाणीचा अंदाज येतो. दुसरी बीओडीची: नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवायचा आणि जंतूंनी किती प्राणवायू खाल्ला ते बघायचं. उघड्या पाण्यात सोडायच्या सांडपाण्यात सीओडी लिटरला २५० मिलिग्रॅमच्या वर नको, हे पर्यावरण नियमांतलं सर्वसाधारण मानक आहे. हे आकडे काढायला जी व्यक्ती बसते, ती बी.एस्सी. केमिस्ट्री झालेली असते. म्हणजे तुमच्या मुलीसारखी.

आता अवघड भाग. एखाद्या दिवशी आकडा ६०० येईल आणि कुणी तरी म्हणेल, २४० लिही. तेव्हा ती काय करेल हे कुठल्याही पदवीवर लिहिलेलं नसतं. पण खाडीकाठच्या घरातली मुलगी त्या खुर्चीत असलेली मला तरी जास्त बरी वाटते. फक्त तिने आधीपासून ठरवून ठेवावं की आपल्या सहीखाली आपण वाचलेलाच आकडा जाईल. असा दबाव रोजचाच असेल तर ती कंपनी सोडावी, आणि सोडता यावी इतका दुसरा आधार घरून मिळावा. ते तुमच्या हातात आहे.

नोकरी कुठलीही असो, रुजू होण्याआधी तिने जाऊन विचारायच्या गोष्टी: हाताळायच्या प्रत्येक रसायनाची सुरक्षा-पत्रकं लॅबमध्ये भिंतीवर आहेत का, डोळे धुण्याचा नळ आणि शॉवर चालू आहे का (उघडून बघावा, गंजलेलं पाणी आलं की समजायचं), फ्यूम हुड खरंच हवा ओढतो का, रात्रपाळी असली तर घरापर्यंत गाडी मिळते का. यातलं काही विचारल्यावर समोरचा चिडला, तर उत्तर मिळालं.

प्रश्न : फिजिकल केमिस्ट्रीत दुसऱ्यांदा एटीकेटी लागली. गावी सांगितलेलं नाही. झोप लागत नाही.
– चिपळूण

उत्तर : फिजिकल केमिस्ट्री आधी नाही, झोप आधी. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, रात्रीही चालते, मराठीत बोलता येतं. हे वाचून संपलं की लाव. जीव नकोसा वाटत असेल तर एकटा राहू नकोस, खोलीतल्या कुणाला तरी आत्ता उठव.

घरी सांग. फोनवर नको, गावी जाऊन, जेवणं झाल्यावर. दोनदा एटीकेटी लागलेली माणसं आज क्यूसीत, बँकेत, शाळांत कामाला आहेत. मुलाखतीत फार तर एकदा विचारतात. अभ्यासाचं म्हणशील तर फिजिकलमध्ये नापास होणारी बहुतेक मुलं एककांत नापास होतात: कुठे ज्यूल, कुठे किलोज्यूल, वायू स्थिरांक आर ८.३१४ घ्यायचा की ०.०८२१. पाच वर्षांच्या पेपरांतली फक्त गणितं काढ आणि प्रत्येक पायरीवर एकक लिही. थिअरी नंतर.

प्रश्न : टी.वाय. बी.एस्सी., गुण बरे आहेत. एम.एस्सी. करू की आधी नोकरी? बाहेर राहून शिकण्याइतके पैसे घरात नाहीत. – कुडाळ
उत्तर : पैसे नाहीत म्हणून आधी नोकरी, हा निर्णय घाईने होतो आणि मग पुढचं शिक्षण राहून जातं ते राहूनच जातं. म्हणून नोकरीचे अर्ज करच, पण आयआयटी जॅम या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेचा फॉर्मही भर. तो साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतो, परीक्षा फेब्रुवारीत. ६० प्रश्न, १०० गुण, तीन तास. वजा गुण फक्त एक पर्याय निवडायच्या प्रश्नांना आहेत; आकडी उत्तरांचे ३० आणि एकाहून अधिक पर्यायांचे २० गुण विनाधोक्याचे. आपल्याकडची मुलं हे न बघताच परीक्षेला बसतात आणि आकडी प्रश्न कोरे सोडून येतात.

शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी हे सरकारी संकेतस्थळ उघड. राजर्षी शाहू महाराज शुल्क योजना, वसतिगृहासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी समाजकल्याण विभागाची स्वाधार योजना वेगळी आहे. अर्ज दर वर्षी नव्याने भरावा लागतो, दुसऱ्या वर्षी तो विसरून बसलेले खूप. एम.एस्सी.नंतर सीएसआयआर-नेट परीक्षेत जेआरएफ ही संशोधनाची पाठ्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. बीएआरसीच्या, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या, प्रशिक्षण शाळेचाही रस्ता आहे, त्याला एम.एस्सी.त ६० टक्के हवेत. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे थेट पीएच.डी.ला जाता येतं, पण संशोधन म्हणजे काय हे एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये चाखून बघितल्याशिवाय मी त्या वाटेला कुणाला लावणार नाही.

यातलं काही जमलं नाही तर नोकरी धर आणि जॅम पुढच्या वर्षी पुन्हा दे. वयाची अट नाही.

प्रश्न : महाडला औषध कंपनीच्या क्यूसीत पाच वर्षं. रोज तेच एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायचं यंत्र), तेच नमुने. पुढे काय?

उत्तर : तुमच्याकडे एफडीए अप्रूव्हल, म्हणजे आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता, आहे का, ते पत्रात नाही. नसेल तर आधी ते घ्या. औषध तपासणीच्या कामात त्याशिवाय वरची पायरी मिळत नाही. मग नमुने चालवण्यापेक्षा पद्धत बसवण्याच्या कामात, म्हणजे मेथड व्हॅलिडेशनमध्ये, घुसायला बघा. कॉलम का बदलला, बफरचा पीएच हलला की आलेखातलं शिखर (पीक) का सरकतं, हे सांगू शकणारी माणसं रोज यंत्रात नमुन्यांची इंजेक्शनं मारणाऱ्यांपेक्षा कमी आहेत. कंपनी बदलणार असाल तर आधीच्या कंपनीकडून अनुभवाचं पत्र लेटरहेडवर, हाताळलेल्या उपकरणांच्या नावांसकट, राजीनामा देण्यापूर्वी घ्या. नंतर फोन उचलत नाहीत.