बीपीच्या गोळीने पायांच्या स्नायूंना रक्त कमी पडतं का? अमलोडिपिन सुरू झाल्यापासून वडिलांचे घोटे सुजतात.

कमी पडत नाही. उलट अमलोडिपिनने स्नायूंमधल्या बारीक धमन्या सैल होतात. त्यांच्या भिंतीतल्या पेशींत कॅल्शियम शिरलं की त्या आवळतात; ही गोळी ती वाट अडवते. नळीच्या त्रिज्येचा परिणाम चौथ्या घाताने होतो, त्यामुळे ती जराशी रुंदावली तरी रक्ताला होणारा अडथळा बराच उतरतो आणि प्रेशर खाली येतं.

सूज येते तीही यातूनच. धमन्यांची बाजू उघडते, शिरांची तशीच राहते. पाटाचं दार मोकळं सोडलं आणि निचरा तेवढाच ठेवला तर वाफा तुंबणारच. केशवाहिन्यांतला, म्हणजे केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो, पाणी बाहेर झिरपतं आणि दिवसभरात घोट्याशी उतरतं. शरीरात मीठ-पाणी साचून आलेली ही सूज नव्हे.

आमच्या घरात मी हे घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलंय. सासूबाईंची गोळी ५ मिग्रॅ.वरून १० झाली आणि संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायला लागला. थोरले दीर म्हणाले, "आईची किडनी गेली." मी बी.फार्म., रोज दुकानात याच गोळ्या देते. पण निकाल त्यांनी दिला. ना क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी), ना लघवीची तपासणी. कुणाकडून तरी पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी गोळी आणली. सूज तशीच राहिली, आणि सासूबाई पहाटे चक्कर येऊन बाथरूमच्या दारावर आदळल्या. मग दिरांनी अमलोडिपिनच बंद केली, कारण काय तर "प्रेशर नॉर्मल आहे". अहो, ते गोळीमुळेच नॉर्मल होतं! पुढच्या तपासणीत वरचा आकडा १८०च्या पुढे. शेवटी फिजिशियननी अमलोडिपिन ५वर आणून जोडीला टेल्मिसार्टन ही बीपीचीच दुसरी गोळी दिली. तिने शिरांकडची बाजूही सैल होते. सूज उतरली. किडनीचे रिपोर्टही चांगले आले.

"प्रेशरच्या गोळ्या सगळ्या सारख्याच" हे दिरांचं दुसरं वाक्य. साफ चूक. कॅनडात माँट्रियलमध्ये अर्नेस्टो शिफ्रिन या संशोधकाच्या गटाने बीपीच्या रुग्णांच्या कुल्ल्यावरच्या त्वचेखालच्या छोट्या धमन्या काढून तपासल्या. वर्षभर लोसार्टन (टेल्मिसार्टनच्याच गटातली गोळी) घेतलेल्यांच्या धमन्यांची रचना सुधारली, अटेनोलॉल (ठोके मंदावणारी बीपीची गोळी) घेतलेल्यांची नाही. प्रेशर मात्र दोघांचं सारखंच उतरलं होतं. त्या धमन्या स्नायूतल्या नव्हत्या, हे खरं. अटेनोलॉलने हातपाय गार पडू शकतात, चढावर लवकर थकवाही येतो.

मात्र एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणं, दम लागणं किंवा तोंडावर सूज असेल तर गोळीला दोष देत बसू नका, लगेच दाखवा. चालताना पोटरी भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं, असं असेल तर मोठ्या धमनीत अडथळा असू शकतो. टेल्मिसार्टनही सगळ्यांना चालत नाही, रक्तातलं पोटॅशियम बघावं लागतं.

डोस कमी करायचा की गोळी बदलायची, हे डॉक्टरांसमोरच ठरवा. घरात परस्पर निकाल देणारं कुणी असेल तर त्यांनाही सोबत न्या. आमच्या दिरांना मी चला म्हटलं होतं, ते आले नाहीत.