अमृतसरला निघण्यापूर्वी

नौपाडा, ठाणे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

काल अभ्यासिकेतून निघताना तू सांगितलेस की, मित्रांबरोबर अमृतसरला चालला आहेस आणि सुवर्णमंदिर, जालियनवाला बाग व वाघा सीमा एका दिवसात उरकणार आहेस. त्यातला 'उरकणार' हा शब्द रात्रभर मनात राहिला, म्हणून हे पत्र. तुला बोल लावण्याचा अधिकार मला नाही, कारण वीसेक वर्षांपूर्वी मी स्वतः ती बाग पाऊण तासात उरकली आहे. भिंतीवर गोळ्यांच्या खुणांना पांढऱ्या चौकटी केलेल्या आहेत, त्यांच्याशेजारी मी घरच्या मंडळींना उभे करून फोटो काढला, आणि इकडे येऊन तो धुऊन आणला तेव्हा दिसले की त्यात आम्ही सगळे हसत होतो. तो फोटो आम्ही अल्बममध्ये लावला नाही. टाकूनही दिला नाही.

मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये तीस वर्षे काढली, हे तुला ठाऊकच आहे. तिथे साधे बेअरिंगदेखील स्लिपवर सही झाल्याशिवाय बाहेर जात नसे. त्या सवयीमुळे असेल, पण या घटनेविषयी पुढे वाचू लागलो तेव्हा माझी नजर आधी आकड्यांवर गेली. १३ एप्रिल १९१९ रोजी, बैसाखीच्या दिवशी, ब्रिगेडियर जनरल डायरच्या ५० रायफलधारी सैनिकांनी सुमारे दहा मिनिटांत १,६५० गोळ्या झाडल्या. भागाकार करून पाहा : माणशी ३३, बाकी शून्य. गोळ्यांचा हिशेब असा चोख लागला, मात्र मेलेल्या माणसांची नावे गोळा करायला सरकारने काही महिन्यांनंतर सुरुवात केली. तोवर किती जणांना नातेवाइकांनी आपापल्या गावी नेले होते, आणि आपले माणूस बंदी घातलेल्या सभेत होते हे कबूल करण्याच्या भीतीने किती घरे गप्प राहिली, याची नोंद कोणत्या रजिस्टरात असणार? सरकारी आकडा ३७९ वर थांबला. काँग्रेसच्या बाजूने झालेला अंदाज हजाराच्या घरात गेला. जीव वाचवायला लोकांनी ज्या बागेतल्या विहिरीत उड्या टाकल्या, तिच्यातून १२० मृतदेह काढल्याचे तिथला फलक सांगतो. तिथे कोणी छातीठोकपणे एकच आकडा सांगू लागला तर वाद घालू नकोस, पण वहीत लिहिताना आकड्यापुढे तो कोणी दिलेला आहे तेही लिही. स्पर्धा परीक्षेच्या तयारीत तुम्हा मुलांना चार पर्यायांतून एकावर काळे करण्याची सवय लागते. ती इथे बाजूला ठेवावी लागेल.

जाण्यापूर्वी काँग्रेसच्या चौकशी अहवालातली एक साक्ष तेवढी वाच. त्या समितीत गांधीजींबरोबर आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. पुणे विद्यापीठाच्या ग्रंथालयाला ज्यांचे नाव आहे, तेच. साक्ष रतनदेवी नावाच्या बाईंची आहे. गोळीबारानंतर त्या बागेत गेल्या, नवऱ्याचे प्रेत त्यांना सापडले, पण रात्री आठनंतर संचारबंदी असल्यामुळे ते घरी न्यायला कोणी येईना. हातात बांबूची काठी घेऊन कुत्री हाकलत त्या रात्रभर प्रेतापाशी बसून राहिल्या. जवळच बारा वर्षांचा एक जखमी मुलगा विव्हळत होता. मला सोडून जाऊ नका, असे तो त्यांना विनवत होता. त्याने पाणी मागितले, आणि तिथे पाणी मिळण्यासारखे नव्हते. हे वाचून गेलास की हिरवळीवर चालताना पाय आपोआप जपून पडतील.

बागेत शिरण्याची गल्ली तू सावकाश चाल, आणि शक्य झाले तर गर्दी ओसरल्यावर पुन्हा एकदा चाल. डायरने दोन चिलखती गाड्या आणल्या होत्या, पण त्या या गल्लीत मावेनात म्हणून बाहेरच ठेवाव्या लागल्या. पुढे सरकारने चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीसमोर मुंबईच्या सर चिमणलाल सेटलवाड यांनी त्याला विचारले की, गाड्या आत जाऊ शकल्या असत्या तर मशीनगन चालवल्या असत्या का. त्यावर, बहुधा होय, असे उत्तर त्याने दिले. म्हणजे त्या दिवशी जे काही थोडे टळले ते गल्लीच्या अरुंदपणामुळे, आणि लोकांना बाहेर पडता आले नाही त्याचे एक कारणही तोच अरुंदपणा. २०२१ साली बागेचे नूतनीकरण झाले तेव्हा या गल्लीच्या भिंतींवर शिल्पे बसवली गेली आणि त्यावर बरीच टीका झाली. मला स्वतःला ती टीका पटते. कोऱ्या विटांची भिंत माणसाला दोन्ही बाजूंनी दाबत येते; शिल्प आले की नजर त्यात रमते आणि भिंत विसरली जाते. तुला वेगळे वाटले तर तसे स्पष्ट सांग.

आणखी एका शब्दाबद्दल लिहायचे आहे. आपल्या ठाण्याच्या तुरुंगात १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फासावर गेले. त्यांना हुतात्मे म्हणताना मन अडखळत नाही, कारण कशासाठी मरायचे ते त्यांनी ठरवले होते. बागेत मात्र सभेसाठी आलेल्यांबरोबर सणासाठी आणि जनावरांच्या बाजारासाठी आसपासच्या खेड्यांतून आलेले, घटकाभर टेकलेले लोकही होते, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांना सभाबंदीची दवंडी ऐकूही आलेली नव्हती. त्यांना सरसकट हुतात्मे म्हटले की त्यांचा मान वाढतो खरा, पण बाजारहाट करून संध्याकाळी घरी परतायचे होते एवढे त्यांचे साधे म्हणणे त्यात पुसले जाते.

फोटो काढायचा असेल तर काढ. माझ्यासारखा माणूस तुला कोणत्या तोंडाने नको म्हणणार? फक्त बागेसाठी सकाळची वेळ राखून ठेव आणि वाघा सीमेवरचा ध्वज उतरवण्याचा सोहळा दुसऱ्या दिवशी पाहा, कारण तिथल्या जल्लोषाची घाई मनात असताना विहिरीपाशी कोणी थांबत नाही.

एक काम माझेही कर. ती गल्ली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत किती पावलांची आहे, ते मोजून ये. आयुष्यभर मोजमापे केलेल्या माझ्यासारख्याला त्या दिवशी ते सुचले नाही.

तुझा,
काका