पिकअपवरची झोपायची पेटी : आधी ओल, मग थंडी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : राहायला म्हापशाला, दोन सीटचा मालवाहू पिकअप आहे, त्याच्या हौद्यावर ठेवता-काढता येईल अशी पेटी घरीच बांधायची आहे. नवरा-बायको दोघे ऑक्टोबरात लाहौल आणि लडाखला जाणार, बाकी वर्षभर गाडी गोव्यातच. भिंतीत ग्लासवूल (काचतंतूंची लोकर) भरू का, आणि रात्री उबेसाठी गॅसची शेगडी चालेल का?

दोन्हींना माझं उत्तर नाही असं आहे. शेगडीला तर ठाम नाही. कारणं सविस्तर लिहितो, कारण मी दोन पेट्या बांधल्या आणि पहिली दोन पावसाळ्यांत मोडीत काढली.

पहिल्या पेटीत मी ग्लासवूलच भरलं होतं. स्वस्त मिळालं, आग धरत नाही, कापायला सोपं. लोखंडी चौकोनी पाइपचा सांगाडा, बाहेरून अॅल्युमिनियमचा पत्रा, आतून साधा प्लाय. चवथीच्या सुमारास आतून कुबट वास यायला लागला. एक फळी काढली तर लोकर खाली बसून चिंब झालेली, प्लायच्या पाठीवर काळी बुरशी. पत्रा कुठेच गळत नव्हता. पाणी हवेतून आलं होतं. आपल्याकडे पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते की जिथे गार पत्रा मिळेल तिथे ती पाणी सोडते, आणि लोकरीत शिरलेलं पाणी बाहेर यायला वाटच नसते.

थंडीत हेच उलट्या दिशेने होतं. झोपलेली दोन माणसं श्वासातून आणि घामातून रात्रभरात अर्धा लिटर तरी पाणी हवेत सोडतात. आत १८ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर १२ अंशांखालच्या प्रत्येक पृष्ठभागावर दव धरतं. बाहेर उणे पाच असताना लोखंडी पाइप आतपर्यंत आलेला असेल, तर सकाळी त्या पाइपच्या रेषेत भिंत ओली दिसेल. म्हणून गोव्याला आणि लाहौलला वेगवेगळं इन्सुलेशन शोधू नका. पाणी न पिणारं, बंद पेशींचं फोम हवं. दोन्हीकडे तेच चालतं.

माझी निवड एक्सपीएस शीट, म्हणजे थर्माकोलचाच घट्ट, रंगीत भाऊ. भिंतींना २५ मिमी, छताला ५०. छताला दुप्पट का, तर एप्रिलमध्ये आपल्या उन्हात उभी केलेली पेटी वरूनच तापते. छत बाहेरून पांढरं ठेवा, त्याने खूप फरक पडतो. वळणांना आणि चाकांच्या कमानींना एसीच्या डक्टवर लावतात तो काळा नायट्राइल रबर फोम वापरा, तो वाकतो. चंदेरी बुडबुड्यांची शीट पत्र्याला चिकटवून इन्सुलेशन झालं असं समजू नका. तिच्यासमोर मोकळी हवा नसेल तर तिचा उपयोग नगण्य आहे.

दुसरा मार्गही आहे. मासळीच्या गाड्यांची पफ (पॉलियुरेथेन फोम भरलेली) बॉडी बनवणारे फॅब्रिकेटर आता गोव्यात सहज मिळतात. २०१८ मध्ये मासळी टिकवायला फॉर्मेलिन हे रसायन वापरत असल्याच्या संशयाचं प्रकरण गाजलं आणि बाहेरून येणारी मासळी इन्सुलेटेड गाडीतूनच यावी असा आग्रह सरकारने धरला, तेव्हापासून हे काम वाढलं. पफ एक्सपीएसपेक्षाही जास्त उष्णता अडवतो. वेळ कमी असेल तर नुसती खोकी त्यांच्याकडून घ्या, आतलं काम स्वतः करा. मला लाकडाचं काम आवडतं म्हणून मी तो मार्ग घेतला नाही.

घरीच बांधणार असाल तर सांगाडा लाकडाचा करा. लोखंड लाकडापेक्षा शेकडो पट वेगाने उष्णता वाहून नेतं. प्लाय आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचाच घ्या, नुसतं 'वॉटरप्रूफ' लिहिलेला नको. पण वजन मोजत चला : १२ मिमीची आठ बाय चारची एक फळी वीस-पंचवीस किलो भरते. मी बाहेरून ६ मिमी आणि आतून ४ मिमी प्लाय, मध्ये फोम अशी भिंत केली. फोम दोन्ही बाजूंना नीट चिकटला की भिंत आश्चर्य वाटावं इतकी ताठ होते.

बाहेरून फायबरग्लासचं आवरण चढवा. यासाठी कारवाल्याकडे जाऊ नका, होड्या आणि ट्रॉलर दुरुस्त करणाऱ्याकडे जा. खारं पाणी रोज अंगावर घेणाऱ्या वस्तू ते बनवतात. माझ्या पेटीचे कोपरे बेतीच्या बाजूच्या एका कारागिराने करून दिले आणि पाच पावसाळ्यांत त्यातून थेंब आलेला नाही. मात्र एक गोष्ट त्यालाही आधी सांगून ठेवा : फायबरग्लाससाठी वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन एक्सपीएसला आणि थर्माकोलला विरघळवतं. ते फोमला थेट लागता कामा नये, मध्ये प्लाय हवाच, नाहीतर इपॉक्सी रेझिन वापरा. दुकानातलं पिवळं रबरी अॅडेसिव्हसुद्धा तेच करतं. मी एका संध्याकाळी त्याने चार शीट चिकटवल्या, सकाळी पाहिलं तर फोमला बोटभर खड्डे. फोमसाठी पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेनचं, अॅडेसिव्ह घ्या.

वायरिंगबद्दल सहसा कोणी सांगत नाही ते सांगतो. साध्या पीव्हीसी वायरी एक्सपीएसला टेकून ठेवल्या तर काही वर्षांत वायरीचं आवरण कडक होऊन तडकतं, कारण त्यातला मऊपणा देणारा पदार्थ फोममध्ये उतरतो. वायरी पाइपमधूनच न्या. सांध्यांना पीयू सीलंट भरा. सिलिकॉन लावलं की पुढे तिथे रंग, रेझिन, काहीच धरत नाही.

गादीखाली सपाट फळी ठेवू नका. अंगाची ओल गादीतून खाली उतरते आणि गार फळीवर पाणी होते. पट्ट्यांचा पलंग करा, वर काथ्याची चटई, मग गादी.

आता उबेकडे. आधी हिशोब करू. पेटी आतून आठ फूट लांब, सव्वापाच रुंद, साडेचार उंच धरली तर सगळ्या बाजू मिळून १९ चौरस मीटर होतात. २५ मिमी एक्सपीएसमधून दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला सुमारे एक वॅट उष्णता जाते. बाहेर उणे ५, आत १८ असेल तर भिंतींतून साडेचारशे वॅटच्या आसपास. सांगाडा, खिडक्या आणि ताज्या हवेचं धरून सातशे-आठशे. त्यातले दीडशे तुम्ही दोघे झोपेतच देता. म्हणजे २ किलोवॅटचा हीटर भरपूर झाला. पाच किलोवॅटचा घेऊ नका, तो सतत मंद चालेल आणि काजळी धरेल.

शेगडी का नको? एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं. जी ओल टाळायला एवढं केलं, ती तुम्ही स्वतःच आत सोडता. त्याहून मोठं कारण कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट धरतो. लाहौलमधल्या केलाँगच्या पुढे एका रात्री आम्ही चहा झाल्यावर शेगडी बारीक करून तशीच ठेवली आणि थंडी म्हणून हवा जायची वरची झडप बंद केली. पाऊण तासाने बायकोचं डोकं दुखायला लागलं, आम्हाला वाटलं उंचीमुळे. तेवढ्यात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला. तो अलार्म मी शेवटच्या दिवशी घेतला होता. त्या रात्री आम्ही दोघे बाहेर दगडावर कुडकुडत बसलो आणि माझे हात थांबेनात. म्हणून कळकळीने सांगतो : अलार्म आधी घ्या, पडदे नंतर. झोपताना तळहाताएवढी एक झडप खाली आणि एक वर उघडी राहिलीच पाहिजे, कितीही थंडी असो. शेगडीचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साठतो, म्हणूनही खालची झडप. शिवाय आपल्या सिलिंडरमधला ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वाफ व्हायचा थांबतो, त्यामुळे सकाळी शेगडी रुसते.

विजेचा हीटर विसरा. १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी हजार वॅटचा हीटर सव्वा तास चालवेल. आणि ती बॅटरी शून्य अंशाखालच्या थंडीत चार्ज करायची नसते, म्हणून तिला पेटीच्या आतच जागा द्या.

राहतो डिझेल हीटर. याची ज्वाला हीटरच्याच आतल्या बंद कप्प्यात जळते, हवा बाहेरून घेते, धूर बाहेर सोडते, आत फक्त कोरडी गरम हवा येते. मंद चालला तर तासाला शंभर-दीडशे मिलिलिटर डिझेल पुरतं. सुरू होताना काही मिनिटं दहाएक अँपिअर ओढतो, मग वीज फारशी लागत नाही. धुराची नळी फळीतून नेताना धातूचं कडं घाला, उतार बाहेरच्या बाजूला द्या, आणि तिचं तोंड खिडकीखाली किंवा झडपेजवळ येऊ देऊ नका. चालू असताना वायर काढून बंद करू नका, आतला पंखा चालून तो थंड व्हावा लागतो.

लेहला, सुमारे ३,५०० मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच असतो. गोव्यात जुळवलेला हीटर तिथे डिझेल जास्त आणि हवा कमी घेतो, काळा धूर सोडतो, काजळीने अडकतो. उंचीनुसार डिझेलचा पंप कमी करता येईल असाच कंट्रोलर घ्या आणि रोज पंधरा मिनिटं पूर्ण जोरात चालवा. डिझेल डोंगरात भरलेलं वापरा, इथून नेलेलं कडक थंडीत घट्ट होतं. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं हिवाळी डिझेल आणलं.

कागदपत्रांचं थोडक्यात : मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ गाडीत फेरफार करू देत नाही. पेटी हौद्याला वेल्ड करू नका, टर्नबकलने (फिरवून ताण देता येतो अशा आकड्याने) बांधा, आणि तरीही आरटीओ व विमा कंपनी दोघांना आधी लेखी विचारा. आरसी बुकातलं एकूण वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन, त्यात पेटी, पाणी आणि सामान बसलं पाहिजे. चालत्या गाडीत मागे कोणी बसायचं नाही.

काम मे अखेर संपेल असं आखा. पहिल्या मोठ्या पावसात पेटी अंगणात उभी करा, दिवा घेऊन आत तासभर बसा, प्रत्येक सांध्यावरून कोरडा टिश्यू पेपर फिरवा. जुलैत एक फळी स्क्रूवर काढून मागे पाहा. ती कोरडी असेल तर मगच हीटर विकत घ्या.