देवस्थानच्या कमिटीत नवा आलास, म्हणून सांगतो

शिमग्याला चाकरमानी पोरंबाळं घेऊन येतात, पालखी घरोघरी फिरते, भक्तनिवासात अनोळखी माणसं उतरतात. देवळामागची वाट, शौचालय, भांड्यांची खोली इथे आधी दिवे लाव. गुरव असो, बुवा असो की मानकरी, मुलासोबत बंद दाराआड कोणी एकटं बसायचं नाही, हे सगळ्यांदेखत सांग. पालखीच्या गर्दीत बाईमाणसाला त्रास झाला तर तिने कुणाकडे जायचं? त्यासाठी कमिटीतली एक बाई आधीच नेम.

पोर आपल्यावर अत्याचार झाल्याचं काही सांगायला आलं तर ऐकून घे, खोदून विचारू नको. आणि गावकीत मिटवायला तर मुळीच बसू नको. गावाची अब्रू म्हणून एकदा आम्ही तसे बसलो. ते पोर पुन्हा देवळाची पायरी चढलं नाही. मला ते अजून टोचतं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे असा प्रकार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणाऱ्यालाही शिक्षा आहे. धार्मिक संस्थेतल्याच माणसाने तिथल्या मुलावर अत्याचार केला तर गुन्हा अधिक गंभीर धरतात. चाइल्डलाइनचा, म्हणजे मुलांच्या मदतीचा, १०९८ नंबर दीपमाळेजवळ मोठ्या अक्षरांत लिही. मुलाचं नाव मात्र कुठेही फुटता कामा नये, वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरसुद्धा नाही.