वाडे, प्लॅन आणि तुमचे प्रश्न

प्रश्न : मुलगा पुण्यात बी.आर्क. झाला. त्याच्या बरोबरचे सगळे मोठ्या फर्ममध्ये चिकटले आणि हा सासवडला माझ्या माहेरच्या जागेत ऑफिस टाकून बसलाय. बंगल्यांचे प्लॅन, नगरपरिषदेच्या परवानग्या असली कामं करतो आणि रविवार आला की टेप घेऊन कोणाचा तरी पडका वाडा मोजायला पळतो, वर आता मोडी शिकतोय. ह्यातून एक रुपया येत नाही. हे वेड जाईल का?
– एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, जाणार नाही, आणि मला विचाराल तर जाऊही नये. पैशाचं आधी बोलतो कारण खरी काळजी ती आहे. गावातल्या आर्किटेक्टचं घर चालतं ते बंगल्याच्या प्लॅनवर, परवानगीच्या फायलींवर, बँकेच्या व्हॅल्युएशनवर आणि कोणाच्या तरी गळक्या स्लॅबवर. वाडे मोजून कोणाचंच चालत नाही, आमचं पुण्यातही नाही. म्हणजे तो जे सोमवार ते शनिवार करतोय तेच बरोबर आहे, ते सोडू नको म्हणावं.

पण त्याच कामामुळे त्याला जे बघायला मिळतं ते पुण्याहून गेलेल्या प्राध्यापकाला मिळत नाही. भावाभावांत वाटणी निघते, एकाला आपल्या हिश्शावर दोन खोल्या चढवायच्या असतात, हद्द कुठून कुठे ते ठरत नाही, मग मालक स्वतःच माळ्यावरची ट्रंक खाली काढतो आणि मोडीतलं जुनं वाटणीपत्र ह्याच्या समोर टाकतो. अनोळखी माणसाला असले कागद कोणी दाखवत नाही हो, उलट हा जमीन लाटायला आला असंच वाटतं. प्लॅन काढणाऱ्याला दाखवतात, कारण त्यात त्यांचा मतलब असतो.

आणि त्या कागदात काय असतं, तर पूर्वेकडचे अमुक खण, माडीसुद्धा, विहिरीत निम्मा हिस्सा, असलं. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. नुसत्या मोडीवाल्याला हे वाचता येईल, पण त्यातला तिसरा खांब नंतर बदललाय, त्याचा तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड, नवा आहे आणि मधली भिंत मागाहून घातलीय हे जागेवर उभं राहून टेप लावणाऱ्यालाच कळतं. तारखेचंही तसंच. कागदावर ‘इहिदे समानीन मया व अलफ’ असं काहीतरी लिहिलेलं दिसलं की लोक मंत्र समजून सोडून देतात. तो सुहूर सन आहे, जुन्या मराठी कागदांवरचं अरबी आकड्यांत लिहिलेलं वर्ष, एक, ऐंशी, शंभर, हजार, म्हणजे 1181, त्यात 599 किंवा 600 मिळवा, आलं 1780-81. महिना कळला की दोन्हीतलं कोणतं तेही ठरतं.

सासवडला बाळाजी विश्वनाथ पेशवे 1720 मध्ये वारले, पुरंदऱ्यांचा वाडा आहे, सोपानकाकांची समाधी आहे, ह्याच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. आळीतल्या साध्या सावकाराचा नाहीतर शिंप्याचा वाडा मात्र कोण लिहिणार? इकडे शनिवारवाड्याचा पाया 1730 मध्ये घातला आणि 1828 मध्ये तो जळला, एवढ्या मोठ्या पेशव्यांचं घर, तरी आज आपण नुसती जोती बघत वर काय असेल ह्याचा अंदाज करत फिरतो. मग आळीतला वाडा जेसीबी लागल्यावर आठ दिवसांत विसरला जातो ह्यात नवल ते काय.

त्याला माझे दोन निरोप द्या. एक, खोलीचे कर्ण मोजल्याशिवाय उठू नको, जुन्या वाड्यात काटकोन शोधून सापडत नाही आणि घरी येऊन ड्रॉइंग जुळत नाही. दुसरा, मालक दुरुस्ती करणार असेल तर मोजणीची फी घे, इतिहासाच्या नावाखाली फुकट करू नको. एक प्रत मालकाला, एक सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळाला दाखवून बघ. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळ्यांनी 1910 मध्ये मंडळ काढलं तेही लोकांच्या घरातले असलेच कागद वाचवायला.

प्रश्न : शुक्रवारात आमचा वाडा आहे. मागच्या चौकात भुयार आहे, ते शनिवारवाड्यापर्यंत जातं असं आजोबा सांगायचे. डेव्हलपर म्हणतो बुजवू. खरं काय?
– एक वाचक, शुक्रवार पेठ

उत्तर : काका, पुण्यात जेवढे वाडे तेवढी भुयारं आणि सगळी शनिवारवाड्यालाच जातात! पण तुमच्या आजोबांना हसू नका. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं ते जमिनीखालच्या बांधीव नळातून, नुसत्या उतारावर, आणि तो नळ काही ठिकाणी माणूस वाकून चालेल एवढा आहे. वाटेत हवा जायला उच्छ्वास आहेत, त्याच पाण्यावर पेठांतले हौद भरायचे आणि ते पाणी शनिवारवाड्यापर्यंत जायचं. म्हणजे आजोबांचा शेवटचा स्टॉप बरोबर असू शकतो, फक्त त्यातून घोडेस्वार नाही, पाणी जात होतं. ते धान्य साठवायचं साधं बळद किंवा तळघरही असू शकतं. आत ओल आहे का, तळाला उतार आहे का, चुन्याचा गिलावा आहे का एवढं वरूनच बॅटरी मारून बघा, आत उतरू नका, आणि बुजवण्याआधी महापालिकेच्या हेरिटेज सेलला लेखी कळवा. डेव्हलपरचं तोंड वाकडं होईल, होऊ दे.

प्रश्न : वाड्याच्या मातीच्या भिंतीला पोपडे येतात, सिमेंटचं प्लॅस्टर करू का?
– एक वाचक, कसबा पेठ

उत्तर : नको. सिमेंट ओल आत कोंडून ठेवतं, वरून दोन वर्षं छान दिसतं आणि आत भिंत कुजते, भिंतीत लाकूड असेल तर तेही जातं. चुन्याचा गिलावा करा, महाग पडेल, करणारा गवंडीही शोधावा लागेल. त्याआधी पागोळ्या कुठे पडतात ते बघा, बहुतेक वेळा पोपड्याचं कारण भिंतीत नाही, वरच्या फुटक्या कौलात आणि तुंबलेल्या पन्हळीत असतं.