वाचकांचे प्रश्न: सहीवाला 'गीतारहस्य'

प्रश्न: आजोबांच्या कपाटात 'गीतारहस्य' सापडलंय, पहिल्या पानावर 'सप्रेम भेट' आणि खाली टिळकांसारखी सही, १९१५ सालचं दिसतंय. पहिली आवृत्ती असेल का? बाईंडिंग सुटलंय, नवीन करून घेऊ का?

उत्तर: आधी शेवटचं सांगतो, बाईंडिंगला हात लावू नका! सेलोटेप नको, लॅमिनेशन तर अजिबातच नको, बाईंडर कडा कापतो आणि जुनं कव्हर फेकून देतो, मग संग्राहक त्याकडे ढुंकूनही बघत नाही.

आता आवृत्ती. नुसतं १९१५ बघून भागत नाही, आवृत्ती कितवी लिहिलीय ते मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर बघा. सहीखाली तारीख असेल तर काम सोपं, कारण पुस्तक १९१५ ला छापलं आणि टिळक १ ऑगस्ट १९२० ला गेले, त्यामुळे सही खरी असेल तर ह्याच पाच वर्षांतली हवी. शाई भिंगातून बघा, बॉलपेन असेल तर विषयच संपला, तेव्हा तो बाजारात नव्हताच. आणि शाई कागदात फुटून पसरली असेल तर जुन्या कागदावर नंतर केलेली असू शकते. हो, मंडालेत मूळ ग्रंथ पेन्सिलीने लिहिला होता म्हणून पेन्सिलीतली सही खरी, असंही कोणी ऐकवतं, त्यात काही दम नाही.

'सप्रेम भेट' बरेचदा मामा-काकांनीच लिहिलेलं असतं बरं का, दोन्हीचं अक्षर एकच आहे का बघा. विकायच्या आधी केसरीवाड्यातल्या संग्रहालयात टिळकांचं हस्ताक्षर बघून या.