‘सगळे देव एकच’ असं मानणारी मी. मग मैत्रिणीनं आमच्या घरचा प्रसाद नाकारला तर तिला कसं समजवायचं?

समजवू नका. तिला प्रसाद नको असेल तर चहा द्या.

एवढ्यावर थांबलो असतो, पण ‘सगळे देव एकच’ हे वाक्य मी स्वतः आयुष्यभर अभिमानानं बोललोय आणि त्याच वाक्यानं माझा सगळ्यात जवळचा मित्र दुखावलाय.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, पंचगंगेच्या काठी. आम्ही मराठे, पण मोहरमला गावात पीर, म्हणजे हाताच्या पंजाच्या आकाराची धातूची निशाणं, बसतात त्यातल्या एका पंजाचा मान आमच्या घराचा. मोहरमच्या सुरुवातीला खड्डा खणायला कुदळ पडली की आज्जा दहा दिवस पायात चप्पल घालायचा नाही. खत्तल रातीला, म्हणजे शेवटच्या दिवसाच्या आदल्या रातीला, घरात गोड चोंगे आणि मलिदा. त्यावर फातिहा, म्हणजे कुराणातली प्रार्थना, द्यायला मित्राचे वडील यायचे. शेजारच्या कुरुंदवाडात तर पाच मशिदींत गणपती बसतो. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, त्यामुळं मोहरम दरसाल मागं सरकत बत्तीस-तेहतीस वर्षांनी गणपतीला येऊन मिळतो. १९८६ साली असा योग आला तेव्हा मी शाळेत होतो, गणपती आणि पंजे एकाच वेळी बसलेले बघितलेत. पुढचा योग २०१८ ते २०२० चा.

२०१९ च्या ऑगस्टात महापूर आला. आमच्या घरात छातीएवढं पाणी. मित्रानं आईला पाठीवर घेऊन बाहेर काढलं, आम्ही बारा दिवस त्याच्या बहिणीच्या घरी राहिलो. महिन्याभरात मोहरम आला. त्याचे वडील आदल्या वर्षी वारले होते, म्हणून फातिहाचं त्याला सांगायला गेलो. तो म्हणाला, “मला जमणार नाही. पंजे बसवणं माझ्या दीनात, माझ्या धर्मात बसत नाही. अब्बांचं अब्बांपाशी.”

मी भर गल्लीत म्हणालो, “तुझा बाप तुझ्यापेक्षा चांगला मुसलमान होता.”

तो काही बोलला नाही. आत गेला आणि दार लावून घेतलं. त्यानंतर दीड वर्ष आम्ही बोललो नाही.

मला मोठेपणा वाटत होता तो आमच्या घराच्या सलोख्याचा. पण त्याचा मुसलमान होण्याचा ढंगसुद्धा मीच ठरवत होतो. श्रीगोंद्याच्या संत शेख महंमदांचा दाखला मी भाषणात नेहमी द्यायचो. विठ्ठलाचं नाव घेणारा मुसलमान आपल्याला आवडायला काय लागतं? तो आपल्याकडं चालत आलेला असतो. जो येत नाही, हात जोडत नाही, आणि तरी पुरात पाठ देतो, त्याच्याशी कसं वागता ते बघा. ‘सगळे देव एकच’ म्हणताना आपण त्याचं वेगळं मानणं ऐकूनच घेत नाही.

शेवटी मीच गेलो, माफी मागितली. आता तो गणपतीत येतो, चपला काढून सोप्यात बसतो, आरतीला उठून अंगणात जातो. कुणी त्याला अडवत नाही.

थोरल्या भावाचं म्हणणं वेगळं. तो म्हणतो, त्यांनीच सोडलं तर आपण पंजा कशाला सांभाळायचा? हे मला मुळीच मान्य नाही. मान आज्जानं घेतला तो कुणी परतफेड करावी म्हणून नव्हे. फातिहाला आता पलीकडच्या गावचे एक म्हातारबाबा येतात. दादा, मित्रानं त्याच्या घरापुरतं ठरवलं, गावाला बंद करा म्हणाला नाही. तू मात्र त्याचं नाव पुढं करून आज्जाचा पीर उठवायला निघालायस.

एक राहिलं. तुमची मैत्रीण तुम्हालाही देवपूजा सोडायला सांगत असेल, किंवा कुणी धाकदपटशा करत असेल, तर हे काही लागू नाही, तिथं स्पष्ट नाही म्हणा. पण नुसता प्रसाद नाकारला असेल, तर पुढच्या वेळी ताट पुढं करण्याआधी विचारा, काय चालतं.